मेंढ्यांनी चाटलेली जमीन

आधी जमिनीची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमचं गाव अमळनेरहून एसटीनं तापीच्या बाजूला निघालं की लागतं. गावाबाहेर सासऱ्यांची जमीन एकाच उतारावर होती. वरचा तुकडा मुरमाड, हलका, त्यात जुनी विहीर. मध्ये बांध. बांधाखालचा तुकडा काळ्या मातीचा, पुरुषभर खणलं तरी काळाच. त्याला घरात नुसतं 'काळी' म्हणत. काळीच्या एका बाजूनं नाला जायचा. वरच्या तुकड्याला कुणी नाव दिलं नव्हतं. नाव देण्याइतकं त्याचं कौतुकच नव्हतं.

मी धुळ्याची. लग्न होऊन आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. सासू नव्हत्या, त्यामुळे पहिल्याच महिन्यात घराच्या चाव्या माझ्याकडे आल्या. घरात चौघं: सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, माझे यजमान, धाकटा दीर आणि मी. दाणागोटा किती, सरपण किती, कुणाची न्याहारी कुठल्या वावरात पोचवायची, हे सगळं मी पाहायचे. न्याहारी पोचवायला जात असल्यामुळे काळीत काय चाललंय ते माझ्याही डोळ्यांसमोर घडत गेलं.

कालवा यायच्या आधी काळीची एक रीत होती. एक वर्ष कापूस, दुसऱ्या वर्षी ज्वारी आणि तूर. उन्हाळ्यात ती मोकळी पडायची, इतकी फाटायची की भेगेत हात जायचा. पाऊस आला की त्या भेगा पाणी खाली नेत आणि मिटत. दिवाळीनंतर साक्री-पिंपळनेरकडून ठेलारी यायचे, म्हणजे मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणारे मेंढपाळ. कापणी झालेल्या वावरात ते जाळ्यांचा वाडा करून रात्री मेंढ्या बसवायचे आणि रोज वाडा थोडा पुढे सरकवायचे. आठवड्याभरात सगळ्या जमिनीवर लेंड्यांचा थर पडायचा. त्याबद्दल आपण ज्वारी द्यायची आणि त्यांची भाकर करायची. ती भाकर मीच केली आहे, म्हणून मला माहीत.

कालव्याचं पाणी आलं आणि ही रीत मोडली. आबांचे साडू रावेरकडचे. त्यांचा केळीचा मळा पाहून आबा आले ते बैलगाडीभर कंद घेऊनच. रावेरची जमीन वेगळी, तिथलं पाणी विहिरीचं, मोजून दिलेलं. आमच्याकडे कालव्याचं पाणी आणि खाली चिकण काळी माती. हा फरक तेव्हा कुणी बोललं नाही. पाळी आली की पाट फोडायचा आणि काळी भरून वाहेपर्यंत बंद करायचा नाही, एवढंच ठरलेलं. पाणी कमी दिलं तर लोक म्हणतील, याची ऐपत नाही.

"आमना वावरमा बगळा उतरतस," आबा पारावर सांगायचे. पाणी इतकं उभं राहतं की बगळे येतात, ही त्यांची मोठी फुशारकी होती. ऐकणारे मान डोलावत आणि घरी जाऊन आपापले पाट फोडत.

केळीमागून केळी. पहिलं पीक निघालं की त्याच खोडाच्या पिलावर, म्हणजे बुडातून फुटलेल्या कोंबावर, दुसरं. काळीला उन्हाळ्यात फाटायला सवड राहिली नाही. कापलेली खोडं आणि वाळलेली पानं बांधावर नेऊन पेटवायचे, कारण ती वावरात दिसली की वावर गबाळं वाटायचं. पुढे भाड्याचा ट्रॅक्टर मिळू लागला, तशी बैलजोडी गेली आणि बैलांबरोबर शेणही गेलं. पोती मात्र येत राहिली, युरियाची. मेंढ्यांना जागाच उरली नव्हती. मधल्या काळात ठेलारी आमच्याकडे फिरकले नाहीत.

ते परत आले ते केळी एकदा वाऱ्यानं झोपली त्या वर्षी. आबांनी काळी साफ करून रिकामी ठेवली होती. नेहमीचा ठेलारी बायकोला आणि मेंढ्यांना घेऊन आला आणि त्यानं वाडा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर वाडा उघडलेला आणि सगळ्या मेंढ्या माना खाली घालून उभ्या. चरत असतील म्हणावं तर चरायला काही नव्हतंच. जवळ गेल्यावर आवाज ऐकू आला. शेकडो जिभांचा, खरखरीत, एकसारखा. मेंढ्या जमीन चाटत होत्या.

एकही मान वर होत नव्हती. कुत्रं भुंकलं तरी नाही.

आबांनी खाली बसून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले होते. "देखा," ते म्हणाले, "जमीन गोड शे. म्हनीसन चाटतस."

ठेलाऱ्यालाही आनंद झाला होता. "आबा, दरसाल आमले हाईच वावर द्या. मेंढ्या दुसरीकडे वळतच नहीत."

मीही चिमूट उचलली आणि जिभेला लावली. "आबा, खारट लागतंय."

सगळे माझ्याकडे वळले. दीर तेव्हा विशीतला, थट्टेखोर. म्हणाला, "भाजीमा मीठ टाकाले भुलतस वहिनी, आठे बरं सापडनं तुमले!"

ठेलाऱ्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. आबाही हसले. मी चहाची किटली उचलली आणि घरी आले.

गोड जमिनीची गोष्ट गावभर झाली. लोक मुद्दाम बघायला आले. कुणी कुणी चिमूटभर माती रुमालात बांधून नेली, आपल्या वावरात टाकायला. दोन-एक वर्षांनी दिराचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलीचे वडील शिरपूरकडून आले. चहापोहे झाल्यावर त्यांनी घर पाहिलं नाही, मुलाला काही विचारलं नाही. "मेंढ्या चाटतस ती जमीन कोठे शे?" म्हणाले. आबांनी त्यांना काळीत नेलं. परत आले ते होकार घेऊनच.

जाऊ आली, घरात हात वाढले. विहीर एक जुनी, वरच्या तुकड्यातली, आणि एक नवी, काळीत खणलेली. धुणं आम्ही नव्या विहिरीवर न्यायला लागलो, कारण तिथे पाणी वर होतं, दोर कमी लागायचा. पाणी दरवर्षी आणखी वर येत होतं. आबा म्हणायचे, भरभराट. पण त्या पाण्यात साबणाला फेस येईना. कपडे वाळले की कडक व्हायचे, पाटीवर आपटल्यासारखा आवाज करायचे. एकदा पिण्याचं पाणीही तिथूनच आणलं, तर तुरीची डाळ दोन प्रहर चुलीवर राहूनही दाणा न् दाणा वेगळा. माठाच्या बुडाला बाहेरून पांढरी साय धरली. मी पिण्याचं आणि डाळीचं पाणी पुन्हा जुन्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली आणि यजमानांना कारण सांगितलं.

"जाळ वाढव," ते म्हणाले.

काळीत केळी अजून उभी होती, पण पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या, जणू कुणी काडीनं शिलगावल्यात. युरिया वाढवला. कडा आणखी करपल्या. मग पाणी वाढवलं.

नव्वदचं दशक लागलं आणि आबांनी वाटणी काढली. आमच्याकडे वाटणीची एक पद्धत आहे: वाटे पाडायचे थोरल्यानं आणि पहिला उचलायचा धाकट्यानं. म्हणजे थोरला वाटे पाडताना खोट करत नाही, कारण आपल्याला काय येईल ते त्याला माहीत नसतं. यजमानांनी दोन वाटे पाडले. वरचा तुकडा, जुनी विहीर आणि राहत्या घराची मोठी बाजू एका वाट्याला. काळी, नवी विहीर आणि घराची लहान बाजू दुसऱ्याला. भाऊबंद ओट्यावर बसलेले. आबांनी धाकट्याकडे पाहिलं.

"काळी," तो म्हणाला. विचार करायला एक श्वाससुद्धा घेतला नाही.

जावेनं आतून साखरेची वाटी आणून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. यजमान साखर न खाता उठले आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले. मनातून त्यांना काळीच हवी होती. बरेच दिवस ते ताटावर बसले की मान वर करायचे नाहीत. "मुरूम आला नशिबी," एवढंच एकदा बोलले. त्या मुरमात त्यांनी केळी लावली आणि भावाला दाखवून द्यायचं म्हणून तीही भरपूर पाण्यावर. हलकी जमीन, पाणी पटकन जिरायचं. कुठे जिरतं, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणाला पडला नाही.

दिराची पहिली केळी कमरेपर्यंत वाढून थांबली. दुसऱ्या वर्षी त्यानं कापूस लावला. नाल्याच्या अंगाला बी उगवलंच नाही. पावसाचं पाणी पूर्वी भेगांतून खाली जायचं, ते आता काळीवर डबकं करून उभं राहायचं, गढूळ, चहासारखं. डबकं आटलं की जमीन थाळीसारखी चकचकीत आणि टणक. कुदळ मारली तर ठणका खांद्यापर्यंत. आणि उन्हाळ्यात उलट. वरची माती फुगून भुसभुशीत व्हायची, पाय टाकला की कोंड्यात रुतल्यासारखा रुतायचा आणि उचलला की ठसा पांढरा. ते पांढरं आधी नाल्याच्या कडेला ताटाएवढ्या ठिपक्यांत होतं. मग ठिपके एकमेकांना मिळाले. मी न्याहारी घेऊन बांधावरून जायचे आणि मुकाट्यानं बघायचे, कुठवर आलंय. काळीत पूर्वी नांगरामागे बगळे चालायचे, गांडुळं टिपत. आता नांगरामागे कुणी नसायचं.

ठेलारी मात्र दरसाल यायचा. पूर्वी आपण त्याला ज्वारी द्यायचो. आता दिराकडे द्यायला काही नव्हतं, तर तो म्हणाला, "नका देऊ, मेंढ्या तशाच बसतस." मेंढ्यांना इतकं आवडतं, तर त्याचं काय गेलं? सकाळी वाडा उघडला की पुन्हा तोच खरखरीत आवाज. वाड्याजवळून जायचं मी टाळायला लागले.

एकदा आबांनी स्वतःच तिथे न्यायचा हट्ट धरला. वय झालेलं, नजर अधू. दिरानं त्यांना हात धरून काळीच्या मधोमध नेऊन बसवलं. त्यांनी माती चाचपली, कपाळाला लावायला उचलली आणि कोण जाणे का, जिभेवर ठेवली. थुंकले. पुन्हा थोडी घेतली, पुन्हा थुंकले. त्यानंतर कुणी काळीचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून निजायचे.

दीर भडकला तो त्याच उन्हाळ्यात. आमच्या दारात उभा राहून ओरडला, "दादा, तुले माहीत व्हतं! वाटा पाडताना माहीत व्हतं तुले!"

"माले माहीत ऱ्हातं तं त्या दिन मी रुसतू कसाले?" यजमान आतून म्हणाले. "बठ्ठा गावनी देखं मनं तोंड."

हे इतकं खरं होतं की दिराला हसू आलं आणि ते आल्याचा आणखीच राग आला. "मंग पानी तरी बंद कर तुनं. बठ्ठं मनाकडे उतरस."

"मन्या केळ्या वाळतीन ना!"

"आणि मन्या?"

यजमानांच्या केळीला तेव्हा घड लागलेले होते.

दिरानं तालुक्याला जाऊन शेती खात्यातल्या एका साहेबांना आणलं. ते मोटारसायकलवर आले, दोन्ही तुकडे चालून पाहिले, नव्या विहिरीत दोर सोडला. मग बांधावर बसून माझ्याकडे पाणी मागितलं. मी जुन्या विहिरीचं दिलं.

"तुम्ही जमिनीला नुसतं पाजत गेलात," ते दोघा भावांना म्हणाले. "बाहेर जायला वाट ठेवली नाही. खालचं पाणी वर आलं, त्यानं आपल्याबरोबर मीठ आणलं. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ इथेच राहतं." त्यांनी उपायही सांगितले. बांधाच्या वरच्या अंगानं खोल चर खणा आणि नाल्याला काढा, म्हणजे वरचं पाणी काळीत शिरायच्या आधीच निघून जाईल. दोन्हीकडे पाणी निम्म्यावर आणा. मग काळीत हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलायच्या आत गाडा, शेणखत घाला, पालापाचोळा जाळू नका. "वर्षं लागतील. पण चर आधी. चर नसेल तर बाकीचं वाया."

बांधाच्या वरचं अंग म्हणजे आमचं. चर खोल, त्याची माती टाकायला तेवढीच जागा. म्हणजे उताराच्या टोकाची, सगळ्यात जोमाची केळीची रांग जाणार. यजमान म्हणाले, "घड उतरू द्या, मग बघू." घड उतरले. मग म्हणाले, "पिलं चांगली धरलीत, हे पीक निघू दे." मी त्यांना म्हटलं, त्याचं घर मोडेल. ते म्हणाले, "आपलं उभं आहे ते पाडू का?" वाईट माणूस नव्हता. उभ्या केळीवर कोयता चालवायला शेतकऱ्याचा हात उठत नाही, एवढंच.

जाऊ धुणं घेऊन आता माझ्याबरोबर जुन्या विहिरीवर यायची. एक दिवस साबण लावता लावता म्हणाली, "अक्का, आम्ही सुरतले जाई ऱ्हायनूत."

तिचा मामेभाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. खोली बघून ठेवली होती. पावसाळ्यात काळीत काही उगवलं नाही तर दिवाळीनंतर निघायचं, असं ठरलं होतं. एकदा गेलं की काळीकडे कोण बघणार?

"बापनी मेंढ्या देखीसन मले आठे दिधं," ती म्हणाली. कपडा पिळत राहिली. "मेंढ्या तं आते बी चाटतस."

पावसाळ्यात काळीत उगवलं ते फक्त आमच्या बांधाजवळ, पट्टाभर. दिवाळी झाली. दिराच्या ओसरीवर ट्रंका बाहेर आल्या. ठेलारी त्याच दिवसांत आला, कुणाला न विचारता काळीत वाडा टाकून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी घेऊन निघाले, यजमान माझ्यापुढे. पोचलो तर वाडा रिकामा. जाळं एका बाजूनं पडलेलं. ठेलारी काठी घेऊन धावत होता आणि मेंढ्या बांध ओलांडून आमच्या केळीत शिरल्या होत्या.

यजमान शिवी हासडून धावले. मेंढ्या केळीत शिरल्या म्हणजे पानांचा फडशा. मीही मागून गेले. आणि आम्ही दोघंही थबकलो. केळीच्या पिलांची हिरवी पानं मेंढ्यांच्या तोंडाशी लोंबत होती, एकाही पानाला दात लागला नव्हता. मेंढ्या बुंध्यांच्या मधल्या मातीवर माना घालून उभ्या होत्या, ओळीनं, बांधाच्या कडेनं सगळ्या उतारभर. तो आवाज येत होता.

यजमानांनी काठी टाकली. खाली बसले. मेंढीचं डोकं हातानं बाजूला सारून जिथे ती चाटत होती तिथली माती बोटानं उचलली आणि जिभेला लावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यानंच कळलं. जवळच्या पानाच्या कडेला त्यांनी हात लावला. कड तपकिरी होती. इतके दिवस ते त्याला ऊन म्हणत होते.

"भाऊले बोलाव," ते म्हणाले.

दीर ट्रंक बांधायची दोरी हातात घेऊनच आला. मेंढ्या पाहिल्या, थोरल्या भावाचं तोंड पाहिलं. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "आठे बी?"

"कोयता आण," यजमान म्हणाले. "आणि घरातली फक्कीची पिशवी."

पहिली केळ यजमानांनी स्वतः पाडली. पाणी भरलेल्या खोडाचा धप् असा आवाज झाला. मग त्यांनी कोयता भावाकडे दिला. दुपारपर्यंत ती सगळी रांग आडवी झाली. जावेनं पानं जाळायला ओढली तेव्हा मी तिला थांबवलं. काळीत नेऊन पसर म्हटलं, वावर गबाळं दिसलं तर दिसू दे.

मग चराची आखणी. दिरानं ती ट्रंकेची दोरी धरली, यजमान मुठीनं फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, सोडत चालले. वरच्या टोकाला, मुरमाच्या तांबड्या मातीवर रेघ लख्ख उठली. मी मागून घमेलं घेऊन चालत होते. नाल्याकडे जाता जाता रेघ पुसट होत गेली. यजमानांनी मूठ मोठी केली, जास्त फक्की सोडली. तरी रेघ दिसेना. बांध जिथे नाल्याला टेकतो तिथे ते थांबले. खाली जमीनच पांढरी होती. आमच्या बाजूचीही.

"दिसत नही, दादा," दीर दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडला.

यजमानांनी हात झटकले. "खुंट्या आण," ते म्हणाले. "आठून पुढे खुंट्या ठोकू."